हवेवर धावणारे चाक : जॉन बॉइड डनलॉप

कामावर जायच्या वेळी सायकल पंक्चर झाली की माणूस खोळंबतो. दुकान गाठेपर्यंत सायकल हाताने ढकलत न्यावी लागते. उशीर होतो, वर बोलणी खावी लागतात. परंतु एक काळ असा होता, की सायकल पंक्चर होतच नसे. तेव्हा चाकांवर भरीव रबराची पट्टी बसवलेली असे. काचेने वा खिळ्याने तिचे फारसे बिघडत नसे. बिघडत असे ते स्वाराचे अंग. दगडी रस्त्याचा प्रत्येक हिसका थेट हाडांपर्यंत पोहोचे. ही स्थिती ज्यांच्या प्रयोगाने पालटली ते जॉन बॉइड डनलॉप व्यवसायाने गुराढोरांचे डॉक्टर होते.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते या व्यवसायासाठी पात्र ठरले. १८६७ साली ते आयर्लंडमध्ये स्थायिक झाले आणि पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी आपल्या व्यवसायाचा चांगला जम बसवला.

बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे होते. डनलॉप यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा जॉनी आपली तीनचाकी सायकल त्या रस्त्यांवरून चालवी, तेव्हा चाके खडखडत आणि मुलाला हादरे बसत. १८८७ च्या ऑक्टोबरात वडिलांनी यावर उपाय शोधण्यास आरंभ केला. त्यांनी सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी चकती घेतली. पातळ रबराची नळी करून ती चकतीच्या कडेभोवती बसवली, वरून कापड ताणून खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग सायकलचे भरीव रबराचे चाक आणि ही नवी चकती, दोन्ही त्यांनी घराच्या आवारात घरंगळत सोडली. जुने चाक थोडे अंतर जाऊन आडवे झाले. हवेची चकती मात्र आवार ओलांडून फाटकाच्या खांबावर आपटली आणि मागे उसळली. बंदिस्त हवा हादरा शोषून घेते आणि चाक हलकेही चालते, हे त्या एका प्रयोगाने दिसून आले. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री जॉनीने हवेच्या टायरांची तीनचाकी रस्त्यावर चालवून पाहिली. ७ डिसेंबर १८८८ रोजी डनलॉप यांना या टायरचे पेटंट मिळाले.

लोकांना मात्र ही जाडजूड चाके हास्यास्पद वाटली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा स्पर्धक असे टायर लावून उतरला, तेव्हा प्रेक्षक हसले. त्याने त्या दिवशीच्या चारही शर्यती जिंकल्या, तेव्हा हसणे आपोआप थांबले. हार्वी ड्यू क्रो या डब्लिनच्या व्यापाऱ्याने या टायरचे मोल जाणले आणि त्याच वर्षी डनलॉप यांच्या सहकार्याने कंपनी स्थापन झाली.

येथवर सारे यशाचे होते. १८९० साली मोठा धक्का बसला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्यांनी चाकांवर रबराच्या नळ्या बसवून वर चामड्याचे वेष्टन घातले होते आणि अशी चाके लंडनमध्ये घोडागाड्यांना लावून चालवूनही दाखवली होती. परंतु रबर तेव्हा महाग होते आणि आजच्यासारखी सायकल जन्मलीच नव्हती. पुढे स्वतः थॉमसनही भरीव रबराकडे वळले आणि १८७३ साली निवर्तले. डनलॉप यांना या शोधाची वार्ताही नव्हती. तरीही कायद्यानुसार त्यांचे पेटंट निरर्थक ठरले. पहिलेपणाचा मान थॉमसन यांचाच, हे मान्य करावे लागते. हवेचा टायर घरोघर पोहोचला तो मात्र बेलफास्टच्या त्या आवारातून.

कंपनी तगली ती दुसऱ्यांच्या युक्त्यांमुळे. हवेच्या चाकाने आराम दिला, त्याबरोबर पंक्चरही दिले, आणि डनलॉप यांचा मूळ टायर चाकाला कापड व चिकट द्रावण यांनी पक्का चिकटवलेला असल्याने तो उघडणे हे मोठेच काम असे. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी कडेत तार घातलेला, काढता-घालता येणारा टायर तयार केला. विल्यम बार्टलेट यांनीही वेगळ्या रीतीने तेच साधले. कंपनीने ही दोन्ही पेटंटे विकत घेतली. आज पंक्चरवाला पात्याने टायर उचकटून ट्यूब बाहेर काढतो, त्याची सोय अशी झाली.

रोज सायकलने कामावर जाणाऱ्याला आजही टायर निवडताना हाच हिशेब करावा लागतो. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण हादरे देतो आणि जड चालतो. काटे-काचांना दाद न देणाऱ्या हवेच्या टायरांत नक्षीच्या खाली चिवट धाग्यांचा किंवा जाड रबराचा एक जादा थर असतो. त्याने वजन वाढते, पायांना थोडे अधिक श्रम पडतात. शर्यतीच्या गड्याला ते परवडणार नाही. वेळेवर हजेरी लावायची असेल, तर एवढे वजन सोसावे. मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांइतकी हवा राखली नाही, तर उत्तम टायरातली ट्यूबही खड्ड्यात चिमटून फाटते.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली आणि घेणाऱ्याने काही महिन्यांत तिचे ५० लाख केले. त्या संपत्तीचा फारसा वाटा डनलॉप यांच्या पदरी पडला नाही. उरलेला काळ त्यांनी डब्लिनमध्ये एका कापडव्यवसायात लक्ष घालून काढला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात त्यांच्या नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ साली पश्चिम बंगालमधील साहागंज येथे उभा राहिला. पुढे तो बंद पडला. उत्तर भारतात काही भागांत हवेचे टायर लावलेल्या बैलगाडीला लोक नुसते ‘डनलप’ म्हणतात. लोखंडी धाव असलेल्या गाडीपेक्षा ती बैलांना ओढायला हलकी जाते.