मजूरमंत्री बाबासाहेब

बाबासाहेब मला घटनाकार म्हणून ठाऊक होते; मजूरमंत्री म्हणून कॉलेजात आल्यावर कळले. विलायतेहून शिकून आल्यावरही ते कित्येक वर्षे परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत राहिले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली कायदा झाला, तेव्हा मात्र ते खाते जगजीवनरामांकडे होते. कायद्याच्या परिशिष्टात शेतमजुरीही होती! आमच्या करमाडात आईला निंदणीची मजुरी मालक देईल तीच मिळे. मी तिला हे सारे समजावून सांगितले. तिने एवढेच विचारले, आकडा किती?