नेमबाज ॲनी ओकली आणि तिची सोळा बोअरची बंदूक



आपल्या इंदूरजवळ महूला सेनेचे नेमबाजी प्रशिक्षण केंद्र आहे. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले आणि छर्ऱ्यांच्या बंदुकीचा खेळ आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. आता मुलीही या खेळात पुढे येत आहेत. मुलगी अंगाने लहान असली की पहिला प्रश्न येतो तो बंदुकीचा. सगळे वापरतात तीच बारा बोअर घ्यावी, की तिच्या अंगाला पेलेल अशी लहान बोअरची घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर ॲनी ओकली या अमेरिकन नेमबाज स्त्रीच्या चरित्रात चांगले सापडते. म्हणून आज तिची ओळख करून देतो.

ॲनीचा जन्म १३ ऑगस्ट १८६० रोजी ओहायो राज्यातल्या डार्क परगण्यात झाला. आईवडील क्वेकर पंथाचे, गरीब शेतकरी, आणि घरात खाणारी तोंडे बरीच. थंडीत गिरणीला गेलेले वडील हिमवादळात सापडले, आजारी पडले आणि १८६६ मध्ये वारले. पुढे आईला घर चालवणे अशक्य झाले आणि १८७० मध्ये नऊ वर्षांच्या ॲनीला परगण्याच्या अनाथगृहात ठेवावे लागले. तिथल्या बाईंनी तिला शिवणकाम शिकवले. ते तिला जन्मभर उपयोगी पडले. रंगमंचावरचे आपले पोशाख ती स्वतःच शिवत असे.

मधल्या काळात एका कुटुंबाने तिला घरकामाला नेले. आठवड्याला पन्नास सेंट आणि शिक्षण देण्याचे आश्वासन होते. मिळाला तो मार, उपासमार आणि बर्फात अनवाणी उभे राहण्याची शिक्षा. अखेर ती तिथून पळाली. त्या लोकांचे नाव तिने कधीच सांगितले नाही. आयुष्यभर ती त्यांना फक्त लांडगे म्हणत राहिली.

वडिलांची जुनी ठासणीची बंदूक घरात टांगलेली होती. आठव्या वर्षीच ॲनीने ती हाताळली होती. घरी परतल्यावर तिने शिकार हाच धंदा केला. ससे, लावे, रानकोंबड्या मारून ती ग्रीनव्हिलच्या काट्झेनबर्गर यांच्या दुकानात देई आणि तिथून माल सिनसिनाटीच्या हॉटेलांकडे जाई. तिच्या शिकारीला मागणी असण्याचे कारण असे सांगतात, की ती नेम डोक्यावरच धरत असल्यामुळे खाणाऱ्याच्या दाताखाली शिसे येत नसे. या पैशांतून पंधराव्या वर्षी तिने आईच्या शेतावरचे गहाणाचे कर्ज फेडले. माझी सारी नोकरी कर्जखात्यांच्या कागदांत गेली, त्यामुळे मला तिच्या सगळ्या पराक्रमांत हा पहिला वाटतो.

फ्रँक बटलर हा फिरता नेमबाज सिनसिनाटीला आला आणि एका हॉटेलमालकाने त्याची ॲनीशी शर्यत लावली. प्रत्येकी २५ नेम होते. फ्रँकचा शेवटचा नेम चुकला, ॲनीचे पंचवीसही लागले. पुढे दोघांचे लग्न झाले. काही वर्षांतच फ्रँकने ओळखले की लोक आपल्या बायकोला पाहायला येतात. तो बाजूला झाला आणि तिचा व्यवस्थापक बनला. त्या काळात असा नवरा दुर्मीळच म्हणायचा.

आता बंदुकीकडे वळू. ॲनीची पहिली चांगली बंदूक होती पार्कर ब्रदर्स कंपनीची, सोळा बोअरची, मागून काडतूस भरण्याची. अमेरिकेत तेव्हा दहा आणि बारा बोअरचा जोर होता.

बोअरचा आकडा ऐकायला उलटा वाटतो, म्हणून थोडा खुलासा करतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या आणि त्यातली एक नळीत नेमकी बसली, तर ती बंदूक बारा बोअरची. सोळा केल्या तर गोळी लहान, म्हणून नळीही लहान. बारा बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, सोळाची १६.८, विसाची १५.६ आणि अठ्ठाविसाची १४ मिलिमीटर असते. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद.

लहान बोअरचा फायदा वजनात असतो. इंग्लंडच्या बंदूककारांचा एक जुना ठोकताळा आहे. छर्ऱ्यांचे वजन जितके, त्याच्या ९६ पट बंदुकीचे वजन असावे, म्हणजे खांद्याला बसणारा धक्का सोसवतो. त्या हिशोबाने सव्वा औंस छर्ऱ्यांना साडेसात पौंडांची बंदूक लागते, एक औंसाला सहा पौंडांची आणि पाऊण औंसाहून थोड्या जास्त, म्हणजे सात-अष्टमांश औंसाला सव्वापाच पौंडांची. ॲनीची उंची जेमतेम पाच फूट होती. साडेसात आणि सहा पौंडांतला फरक तिच्या खांद्याला आणि मनगटाला दिवसभर जाणवणारा होता.

पण हा फायदा फुकट मिळत नाही. सव्वा औंसाऐवजी एक औंस छर्रे उडवले की छर्रे पाचव्या हिश्शाने कमी होतात. हवेत पसरणारा त्यांचा फेर विरळ होतो आणि लांबचे लक्ष्य त्यातून निसटू शकते. थोडी चूक मोठ्या बोअरमध्ये खपून जाते, लहान बोअरमध्ये खपत नाही. दुसरी अडचण काडतुसांची. जे काडतूस फार लोक वापरत नाहीत ते सगळीकडे मिळत नाही आणि मिळाले तर महाग पडते. ॲनी आणि फ्रँक यांनी यावर उपाय केला होता. पितळी काडतुसे पुन्हा भरता येतात, म्हणून ती दोघे स्वतःच दारू आणि छर्रे मोजून भरत. आपल्याकडे मात्र छर्ऱ्यांची बंदूक म्हणजे बारा बोअर हेच समीकरण आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसेही लोकांना माहीत आहेत ती बारा बोअरचीच.

तिसरी गोष्ट धोक्याची आहे आणि ती पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत घातले तर ते आत घसरून पुढे अडकते. नळी रिकामी समजून मागे बाराचे काडतूस भरले आणि चाप ओढला, तर नळी फुटते आणि हात जायबंदी होतो. म्हणूनच हल्ली वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात. घरात दोन बोअरच्या बंदुका असल्या तर दोन्हींची काडतुसे एका पिशवीत कधीच ठेवू नयेत.

हे सगळे तोटे असूनही ॲनीने सोळा बोअरवर काय केले ते पाहा. १८८५ मध्ये तिने एका दिवसात, सुमारे नऊ तासांत, हवेत फेकलेल्या ५,००० काचेच्या गोळ्यांपैकी ४,७७२ फोडल्या, आणि तेही स्वतः बंदुका भरत. हे प्रमाण ९५ टक्क्यांहून थोडे जास्त पडते आणि मिनिटाला नऊ बार होतात. जड काडतुसांचे पाच हजार धक्के त्या खांद्याने सोसले असते असे वाटत नाही. लहान बोअरचा फायदा इथे पुरेपूर दिसतो. विरळ छर्ऱ्यांचा तोटा तिने अचूक नेमाने भरून काढला.

त्याच वर्षी ती बफेलो बिलच्या प्रसिद्ध खेळात दाखल झाली. सू जमातीचे सरदार सिटिंग बुल यांनी तिला आधीच मुलगी मानले होते. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवासाठी हा खेळ लंडनला गेला. तिथे ॲनी नेमबाजांच्या मैदानावर कबुतरांवर नेम धरू लागली, पण हातात साडेसात पौंडांच्या आसपासची बारा बोअर होती आणि नेम मनासारखा लागेना. न्यू बाँड स्ट्रीटवरच्या चार्ल्स लँकेस्टर या बंदूककारांच्या पेढीने तिचे माप घेऊन नव्या बंदुका बनवल्या. त्यांत वीस बोअरच्या होत्या, तशाच सुमारे सहा पौंडांच्या बारा बोअरच्याही होत्या. दस्ता तिच्या हाताला बेतलेला होता. त्यानंतर तिचा नेम पूर्ववत बसू लागला.

मला या प्रसंगाचे मोल फार वाटते. सहा पौंडांच्या बारा बोअरने वजनाची अडचण सुटली आणि काडतुसे सगळीकडे मिळणारी राहिली. तिला बोअरच्या आकड्याचा हट्ट नव्हता. काम काय आहे, अंगाला काय पेलते आणि काडतूस मिळते का, एवढेच ती पाहत असे.

१९०१ मध्ये खेळाच्या आगगाडीला अपघात होऊन तिच्या पाठीला जबर इजा झाली. १९०३ मध्ये दुसऱ्याच एका बाईने तिचे नाव सांगितल्यामुळे, ॲनी ओकली कोकेनसाठी चोरी करताना पकडली गेली, अशी बातमी वृत्तपत्रांत झळकली. ॲनीने ५५ वृत्तपत्रांवर दावे लावले. ते कित्येक वर्षे चालले आणि ५४ ठिकाणी निकाल किंवा तडजोड तिच्या बाजूने झाली. भरपाईपेक्षा खर्च जास्त झाला. ताळेबंदात तोटाच दिसला, पण नाव स्वच्छ राहिले आणि तेच तिला हवे होते.

हजारो स्त्रियांना तिने बंदूक चालवायला शिकवले. १९२२ मध्ये, साठी उलटल्यावर, तिने १६ यार्डांवरून मातीच्या सलग १०० तबकड्या फोडल्या. मिळालेली सुवर्णपदके वितळवून आलेला पैसा तिने क्षयरोग्यांसाठी दिला. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ग्रीनव्हिलला ती वारली आणि अठरा दिवसांनी फ्रँकही गेला.

आज ऑलिंपिकमध्ये काडतुसात २४ ग्रॅमच छर्रे भरतात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, तेव्हा बारा बोअरमध्येही आता ॲनीच्या काळापेक्षा हलका भार चालतो. म्हणून मुलीला या खेळात घालणाऱ्या पालकांना इतकेच सांगतो. बोअर ठरवण्याआधी बंदुकीचे वजन पाहा, दस्त्याचे माप प्रशिक्षकांकडून बेतून घ्या आणि काडतुसे नियमित मिळतील ना याची खात्री करा. मोठ्या माणसाची जड बंदूक लहान खांद्यावर ठेवून, नेम चुकला म्हणून मुलीला बोल लावू नका.