किड्यांना कुळ देणारा लात्रेय

पावसाळा सरत आला की आमच्या गोव्यात जुन्या फणसांच्या बुंध्यांवर आणि कुजत पडलेल्या ओंडक्यांवर फळीसारखी आडवी, कठीण अळंबी फुटलेली दिसतात. फणसावरच्या अशा अळंब्याला फणसोंबा म्हणतात, आणि ते उगाळून लहान मुलांच्या तोंडातील फोडांना लावण्याची चाल जुनी आहे. अळंबे उगाळणारे पुष्कळ. पण ते उलटे करून त्याच्या पोटाशी कोण राहते हे पाहणारे विरळाच. युरोपातील रानांत मेलेल्या झाडांच्या खोडांवर रंगीत पट्ट्यापट्ट्यांची पातळ अळंबी येतात. त्यांतले एखादे जून अळंबे उचलून पाहिले, तर खालच्या अंगाला टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे आढळतात, छिद्रांतून पिठासारखी भुकटी गळत असते, आणि मोडून पाहिल्यास आत तांदळाच्या कणीएवढा एक तपकिरी भुंगेरा सापडतो. त्याचे शास्त्रीय नाव सिस बोलेटी.

या भुंगेऱ्याचा सारा संसार त्या एका अळंब्यात चालतो. मादी तेथेच अंडी घालते. अळ्या अळंब्याचा गर पोखरीत वाढतात, तेथेच कोशात जातात आणि भुंगेरे होऊन पुन्हा तोच गर खातात. अशा पिढ्यांमागून पिढ्या त्याच घरात नांदतात आणि अखेरीस त्या घराचाच भुगा होतो. मग नवे अळंबे शोधावयाचे. झाडाचे कठीण लाकूड अळंबे जिरविते, आणि अळंब्याला हा किडा मातीस मिळवितो. रानातील मेलेल्या झाडाची अशी टप्प्याटप्प्याने विल्हेवाट लागते. या कुळातील साडेसहाशेहून अधिक जाती आज जगभर ज्ञात आहेत. त्यांपैकी पुष्कळ जातींत नराच्या डोक्यावर इवलीशी शिंगे असतात. पण ती पाहण्यास भिंग हवे.

१७६३ साली स्कोपोली नावाच्या निसर्गाभ्यासकाने या भुंगेऱ्याचे पहिले वर्णन केले. स्कोपोली हा इद्रिया येथील पाऱ्याच्या खाणीवरचा वैद्य होता. ते गाव आज स्लोव्हेनिया देशात आहे. अळंब्यात राहणारा म्हणून त्याने किड्याला बोलेटी हे नाव दिले ते योग्यच होते. परंतु गणना मात्र केली ती कातडी कुरतडणाऱ्या किड्यांत. त्या काळी लहान, तपकिरी, ओळख न पटणारे भुंगेरे अशाच कोठल्यातरी मोठ्या गटात कोंबले जात. अळंब्यातल्या या किड्यांसाठी सिस ही स्वतंत्र प्रजाती ज्याने १७९६ साली स्थापन केली, त्या पिएर आंद्रे लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाची जीवनकथा आम्ही येथे सांगणार आहोत. ज्याने किड्यांना कुळे दिली, त्याला स्वतःला मात्र कुळ नव्हते.

लात्रेयचा जन्म २९ नोव्हेंबर १७६२ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील ब्रीव्ह या गावी झाला. पिता बॅरन देस्पाञ्याक हा मोठा सरदार व सेनापती. परंतु विवाहबाह्य संबंधातून झालेल्या या मुलाला त्याने आपले नाव कधीच दिले नाही. माता कोण, हेही प्रकट झाले नाही. जन्मतःच टाकलेल्या या पोराचा सांभाळ गावातील एका वैद्याने आणि पुढे एका व्यापाऱ्याने केला. बापाने नाव दिले नाही, तरी त्याच्या घराण्यातील माणसांनी मुलाला अगदीच वाऱ्यावर सोडले नाही. १७७८ साली त्यांनी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला आणविले. तेथे स्फटिकांचा प्रसिद्ध अभ्यासक आयुई याचा स्नेह त्याला लाभला. १७८० साली तो लिमोझच्या धर्मशिक्षणसंस्थेत दाखल झाला आणि १७८६ साली धर्मसेवेची दीक्षा घेऊन बाहेर पडला. नाव नसलेल्या गरीब मुलाला त्या काळी मानाने जगण्याचा दुसरा मार्ग क्वचितच असे. त्याचे चित्त मात्र देवळापेक्षा किड्यांतच अधिक रमत असे.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. पुढल्याच वर्षी धर्माधिकाऱ्यांनी नव्या राज्याशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी असा कायदा आला. लात्रेयने शपथ घेतली नाही. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याला पकडण्यात आले आणि पुढे बोर्दोच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली. ते दिवस किती भयानक होते हे इतिहास वाचणाऱ्यांस सांगावयास नको. शपथ नाकारणाऱ्यांपुढे मरणाचीच वाट होती.

एके दिवशी तुरुंगाचा वैद्य कैद्यांना तपासावयास कोठडीत आला, तो हा कैदी जमिनीवर ओणवा होऊन एका किड्याकडे टक लावून पाहत असलेला त्याला दिसला. निळ्याशार पाठीचा, मानेशी तांबडा, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा तो भुंगेरा होता. वैद्याने चौकशी केली, तेव्हा हा किडा दुर्मिळ आहे असे लात्रेयने त्याला सांगितले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची ही तन्मयता पाहून वैद्य चकित झाला. त्याच्या परिचयाचा एक मुलगा किडे गोळा करीत असे. वैद्याने तो भुंगेरा घेऊन त्या मुलाकडे पोचता केला.

बोरी द सँ-व्हँसाँ हे त्या मुलाचे नाव. वय अवघे पंधरा वर्षांचे. म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांएवढेच! पुढे तो स्वतः नामवंत निसर्गशास्त्रज्ञ झाला. कीटकांवरील लात्रेयचे लेखन त्याच्या वाचनात आलेले होते. असा माणूस आपल्याच शहराच्या तुरुंगात मृत्यूची वाट पाहत आहे हे कळताच त्याने खटपट आरंभिली आणि लात्रेय व त्याच्या कोठडीतील एक सोबती यांची सुटका करविली. मागे राहिलेले कैदी महिन्याभरात प्राणास मुकले.

त्या निळ्या भुंगेऱ्याचे नाव नेक्रोबिया रूफिकोलिस. सुके मांस, हाडे, कातडी यांवर तो जगतो. तुरुंगात तो कशावर जगत होता याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याचाच तांबड्या पायांचा भाऊबंद आपल्याकडे खोबऱ्यात आणि सुक्या मासळीत सापडतो. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियुस याने १७७५ साली या निळ्या किड्याचे वर्णन केले, तेव्हा त्यालाही कातडी खाणाऱ्यांच्या त्याच गटात घातले होते. अळंब्यातला किडा आणि तुरुंगातला किडा, दोघांचे रूप निराळे, जगणे निराळे; तरी दोघांचा डबा एकच!

सुटकेनंतर लात्रेय शिकवण्या करून राहिला, आणि १७९६ साली फाब्रिसियुसच्या प्रोत्साहनाने त्याने कीटकांच्या प्रजातींवरील आपला पहिला ग्रंथ स्वखर्चाने प्रसिद्ध केला. तोवर काही पंडित केवळ पंख पाहून, तर काही केवळ जबडे पाहून किड्यांचे वर्ग पाडीत. लात्रेयने पंख, जबडे, पाय, मिशा ही सर्व अंगे एकत्र विचारात घेतली आणि ज्यांचे खरोखर साम्य आहे त्यांना शेजारी बसविले. प्रजातींच्या वर कुल ही पायरी कीटकशास्त्रात त्याने आणली. सिस ही प्रजाती याच ग्रंथातली. लाकूड वा धान्य पोखरणाऱ्या किड्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तोच त्याने तिला दिला.

तरीही त्याच्यामागची पीडा संपली नव्हती. १७९७ साली त्याला घरातच स्थानबद्ध करून त्याची पुस्तके जप्त करण्यात आली. क्यूव्हिए, लासेपेद आणि लामार्क या थोर शास्त्रज्ञांनी रदबदली करून त्याला सोडविले. १७९८ पासून तो पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात लामार्कच्या हाताखाली किड्यांचा संग्रह लावू लागला. १८०२ ते १८०५ या काळात त्याने कवचधारी प्राणी व कीटक यांवर १४ खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि १८०६ ते १८०९ मध्ये लॅटिन भाषेत आणखी चार खंड. विज्ञानसभेचे सभासदत्व १८१४ मध्ये मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, लात्रेय हे आडनाव कायद्याने त्याचे झाले होते.

प्राध्यापकपद मात्र फार उशिरा आले. लामार्क आंधळा झाला तेव्हा त्याची व्याख्याने लात्रेय देई, पण आसन लामार्कचेच राहिले. १८२९ साली लामार्क निवर्तला आणि १८३० मध्ये कीटकशास्त्राचे आसन लात्रेयला मिळाले. त्या वेळी तो ६७ वर्षांचा होता. बत्तीस वर्षे एकाच संग्रहालयात दुय्यम म्हणून राबविल्यावर दिलेला हा मान आम्हांला अपुरा वाटतो. अवघ्या दोन वर्षांत त्याने ते पद सोडले. पॅरिसमध्ये पटकीची साथ होती, म्हणून तो खेड्यात जाऊन राहिला. त्याच वर्षी, १८३२ मध्ये, फ्रान्सच्या कीटकशास्त्र मंडळाची स्थापना झाली आणि त्याला पहिले सन्माननीय अध्यक्षपद देण्यात आले. वर्षाअखेरीस तो पॅरिसला परतला आणि ६ फेब्रुवारी १८३३ रोजी तेथेच वारला.

पेर लाशेज या पॅरिसच्या स्मशानभूमीत त्याच्या समाधीवर नऊ फूट उंचीचा दगडी स्तंभ उभारलेला आहे, आणि बोर्दोच्या कोठडीतला तो नेक्रोबिया भुंगेरा त्यावर कोरलेला आहे.