तारण कोणाचें, आणि निवाडा कोणाचा?

इ. स. १६१९ च्या मे महिन्याच्या १३ तारखेस हेग शहरीं ७१ वर्षांच्या एका वृद्ध मुत्सद्द्याचें डोकें लोकांच्या समोर उडविण्यांत आलें. त्याचें नांव योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट. हॉलंडच्या स्वातंत्र्याची उभारणी करणाऱ्यांत त्याची गणना पहिल्या रांगेंत होत असे. आरोप राजद्रोहाचा होता. पण ज्या वणव्यांत तो सांपडला त्याची ठिणगी एका धर्मविषयक प्रश्नानें पडली होती. ईश्वराची दया सर्व मनुष्यांसाठीं आहे, कीं त्यानें आधींच निवडून ठेवलेल्या कांहींसाठीं? हा प्रश्न ज्यानें निर्भयपणें उभा केला, तो लायडन विद्यापीठांतील पंडित याकोब आर्मिनियस त्यापूर्वीं दहा वर्षें मरण पावला होता. त्याचें नांव आज ख्रिस्ती धर्मांतील एका मतास मिळालें आहे. परंतु त्याचें चरित्र आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल, म्हणून तें येथें सांगण्याचें योजिलें आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे आम्ही अधिकारी नव्हों, आणि दोन मतांपैकीं खरें कोणतें हें ठरविण्याचा आमचा हेतुही नाहीं. मात्र वाद कसा चालवावा व कसा चालवूं नये, हें पाहण्यापुरता अधिकार कायद्याच्या अभ्यासानें आम्हांस आला आहे, असें आम्ही समजतों.

आर्मिनियसाचा जन्म हॉलंडांतील औडेवाटर या लहानशा गांवीं १५६० च्या सुमारास झाला. बाप कारागीर होता. तो मुलाच्या अगदीं बाळपणींच वारला, आणि पोरक्या मुलाचें शिक्षण परक्यांच्या औदार्यावर चाललें. त्या काळीं नेदरलंडचे प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचें युद्ध लढत होते. १५७५ सालीं हा मुलगा जर्मनींत मारबुर्ग येथें शिकत असतां स्पॅनिश फौजेनें औडेवाटर घेतलें व गांवकऱ्यांची सरसकट कत्तल केली. तींत त्याची आई व भावंडें मारलीं गेलीं. धर्माच्या नांवानें तरवार उपसली म्हणजे काय होतें, हें त्यास कोणीं पुस्तकांतून शिकविण्याची गरज राहिली नाहीं.

दुसऱ्याच वर्षीं तो नव्यानें स्थापन झालेल्या लायडन विद्यापीठांत दाखल झाला. त्याची हुशारी पाहून ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांच्या एका संघानें त्याच्या पुढील शिक्षणाचा खर्च पत्करिला. व्यापारीच ते! त्यांनीं करारपत्रही लिहून घेतलें कीं, शिक्षण संपल्यावर यानें आयुष्यभर ॲम्स्टरडॅमच्या मंडळीची सेवा करावी आणि नगराच्या संमतीवांचून दुसरीकडे जाऊं नये. या पैशावर तो १५८२ च्या आरंभीं जिनीव्हास गेला.

जिनीव्हा ही कॅल्व्हिनची नगरी. कॅल्व्हिन १५६४ सालीं वारल्यावर थिओडोर बेझा हा तेथील मुख्य आचार्य झाला होता. त्याची शिकवण अशी कीं, मनुष्य पापानें इतका बिघडला आहे कीं स्वतःच्या बळानें तो देवाकडे वळूंच शकत नाहीं. म्हणून कोणाचें तारण व्हावें व कोणाचा नाश व्हावा, हें देवानें सृष्टीच्याही पूर्वीं केवळ आपल्या इच्छेनें ठरवून ठेविलें आहे. हें मत प्रथमदर्शनीं कठोर वाटतें. पण ज्यांनीं तें धरलें ते सर्व कठोर हृदयाचे होते असें कोणीं समजूं नये. घरदार टाकून परागंदा झालेल्या व जाळले जाण्याच्या भीतीखालीं दिवस काढणाऱ्या लोकांस, देवानें एकदां लिहिलेलें आपलें नांव कोणताही राजा पुसूं शकणार नाहीं, या विश्वासानें केवढा धीर दिला असेल!

आमच्या वाचकांस हा प्रश्न अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांत मर्कटकिशोर व मार्जारकिशोर या दोन न्यायांवरून असाच वाद झाला आहे. वानरीचें पिलूं आईस स्वतः घट्ट धरून राहतें. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आई त्यास तोंडांत धरून नेते. जीवानें देवास धरावयाचें, कीं देवानेंच जीवास उचलावयाचें? दैव आणि पुरुषार्थ यांचा आमच्याकडील वाद तरी दुसरा काय आहे? भेद इतकाच कीं, बेझाच्या मतांत कांहीं पिलें न उचलण्याचें आईनें आधींच ठरविलेलें असतें.

१५८८ सालीं आर्मिनियस ॲम्स्टरडॅमांत धर्मोपदेशक झाला. पूर्वनियोजनाच्या मतावर टीका करणाऱ्या लेखांचें खंडन करण्याचें काम त्याच्याकडे आलें. खंडन करतां करतां त्याचेंच मन पालटलें, असें जुने चरित्रकार सांगतात. बेझाचें मत त्यास पूर्णपणें कधींच पटलें नसावें, असें अलीकडच्या कांहीं अभ्यासकांचें म्हणणें आहे. कसेंही असो, पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर तो प्रवचनें करूं लागतांच कुरकुर सुरू झाली. तक्रार करणाऱ्यांत त्याचाच सहकारी पेट्रुस प्लांसियस हा अग्रेसर होता. हा प्लांसियस नकाशे करण्यांत निष्णात होता, आणि डच गलबतें पूर्वेकडील समुद्रांत आलीं तीं त्याच्या नकाशांची मदत घेऊन. समुद्राच्या नव्या वाटा शोधणाऱ्या या गृहस्थास धर्मांतील नवी वाट मात्र खपली नाहीं.

१६०२ च्या सुमारास प्लेगची सांथ आली, तेव्हां आर्मिनियस रोग्यांच्या घरीं जाऊन समाचार घेत असे. त्याच सांथीनें लायडनच्या अध्यापकांस ओढून नेलें, व रिकाम्या जागेवर त्याची मागणी झाली. जुनें करारपत्र आडवें आलें. बऱ्याच वाटाघाटीनंतर ॲम्स्टरडॅमनें त्यास मोकळें केलें, आणि १६०३ सालीं तो लायडनास अध्यापक झाला. तेथें त्याची गांठ फ्रान्सिस्कुस गोमारुस या विद्वानाशीं पडली. गोमारुस कॅल्व्हिनमताचा कट्टर कैवारी. १६०४ पासून दोघांचा वाद उघड सुरू झाला. तो विद्यार्थ्यांत पसरला, मग मंडळ्यांत, आणि शेवटीं गांवोगांवच्या बाजारांत.

आर्मिनियसाचें म्हणणें काय होतें? देवाची कृपा नसेल तर मनुष्याच्या हातून कांहींच चांगलें होणार नाहीं, हें त्यास मान्य होतें. परंतु ती कृपा मनुष्यास नाकारतां येते. ख्रिस्त सर्वांसाठीं मेला. आणि जे विश्वास ठेवतील असें देवानें आधींच जाणलें, त्यांचीच त्यानें निवड केली. याच्या उलट मानलें, तर पापाचें कर्तृत्व देवाच्याच माथीं येतें, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. आमच्या धंद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, ज्या न्यायाधीशानें आरोपी जन्मण्यापूर्वींच निकाल लिहून ठेविला आणि गुन्हाही आपल्याच हुकमानें घडविला, त्यास न्यायी कसें म्हणावें? गोमारुसाच्या पक्षाचें उत्तरही दुबळें नव्हतें. तारण शेवटीं मनुष्याच्या होकारावर अवलंबून असेल, तर श्रेय मनुष्याकडे जातें, आणि उद्यां होकार डळमळला तर आशाही डळमळते, असें ते म्हणत.

१६०८ सालीं दोघांस हेग येथें वरिष्ठ न्यायालयासमोर बोलाविण्यांत आलें. न्यायाधीशांनीं अभिप्राय दिला कीं, मतभेद बारीक आहेत व परस्परांनीं ते सहन करावे. त्यावर गोमारुसानें, आर्मिनियसाचें मत घेऊन देवासमोर उभें राहण्याचें धैर्य आपणांस होणार नाहीं, असें सांगितलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत आर्मिनियसानें हॉलंडच्या प्रांतिक सभेपुढें आपली सविस्तर कैफियत मांडली. मंडळीचें कबुलीपत्र व प्रश्नोत्तरी हीं मनुष्यांनीं लिहिलेलीं आहेत, तेव्हां तीं धर्मसभेंत मूळ शास्त्राच्या कसोटीवर पुन्हां घासून पाहावीं, एवढीच त्याची मागणी होती. ती मान्य होण्यापूर्वींच, क्षयानें खंगून, १६०९ च्या ऑक्टोबरच्या १९ तारखेस तो लायडन येथें वारला. मागें बायको व पुष्कळ लेंकरें राहिलीं.

पुढची हकीकत दुःखाची आहे. १६१० सालीं त्याच्या मताच्या चाळिसांहून अधिक उपदेशकांनीं पांच कलमांचा अर्ज सरकारकडे केला. स्पेनशीं बारा वर्षांचा तह झाला होता. बाहेरचा शत्रु दूर होतांच घरांतील भांडणास ऊत आला. ओल्डनबार्नेफेल्ट अर्जदारांच्या बाजूस, तर सेनापति मॉरिस विरुद्ध बाजूस गेला, आणि धर्माच्या वादांत प्रांतांचे हक्क व फौजेची सत्ता यांचे वाद मिसळले. १६१८ च्या नोव्हेंबरांत डॉर्ट येथें धर्मसभा भरली. इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड येथील पंडित आले. पण आर्मिनियसाचे अनुयायी तेथें सभासद म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून बोलाविले गेले, व जानेवारींत त्यांस बाहेर घालविण्यांत आलें. त्यांचीं मतें अमान्य ठरलीं. सुमारें २०० उपदेशकांच्या जागा गेल्या, व पुष्कळांस देशत्याग करावा लागला. ओल्डनबार्नेफेल्टाचा निवाडा मुद्दाम नेमलेल्या २४ जणांच्या न्यायमंडळानें केला. त्यावर अपील नव्हतें. त्याचा सहकारी, प्रख्यात कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस, जन्मठेपेंत पडला, आणि १६२१ सालीं बायकोच्या युक्तीनें पुस्तकांच्या पेटींत बसून निसटला.

येथें सत्य लपवून चालणार नाहीं. आर्मिनियसाच्या पक्षानेंही सत्तेचा आश्रय केला होता. धर्माच्या बाबतींत सरकारचा अधिकार मोठा, हें तत्त्व त्यांनींच उचलून धरलें. वादाच्या विषयांवर व्यासपीठावरून बोलूं नये, असा हुकूम हॉलंडच्या सभेनें काढला तो त्यांच्याच सोयीचा होता. सरकार फिरलें, तेव्हां तेंच शस्त्र त्यांच्यावर उलटलें. जी काठी आपण दुसऱ्याच्या पाठीसाठीं सरकारच्या हातीं देतों, ती आपली पाठ ओळखत नाहीं.

आणि निकालानें प्रश्न तरी सुटला काय? मॉरिस १६२५ सालीं वारला, छळ ओसरला, आणि १६३४ सालीं त्याच ॲम्स्टरडॅमांत आर्मिनियसाच्या पंथाची पाठशाळा निघाली. १७७८ सालीं इंग्लंडांत जॉन वेस्लीनें त्याच्या नांवाचें मासिक काढलें. डॉर्टचीं कलमें मानणाऱ्या मंडळ्या आजही आहेत, आणि आर्मिनियसाचें मत मानणाऱ्याही आहेत. फांशी-तरवारीनें माणसें कमी झालीं. प्रश्न जेथल्या तेथें राहिला.

स्पेनच्या जुलमांतून आपली सदसद्विवेकबुद्धि मुक्त करण्यासाठीं ज्या राष्ट्रानें रक्त सांडलें, त्यानेंच आपल्या भावांच्या विवेकबुद्धीस कुलूप घातलें, हें या चरित्राचें सार आहे. परक्यापासून मिळविलेलें स्वातंत्र्य घरांतील भिन्नमतास देतां येत नसेल, तर तें अर्धेंच मिळालें असें समजावें. परंपरेनें आलेला नियम पुन्हां तपासून पाहूं म्हणणारा मनुष्य प्रत्येक समाजांत, प्रत्येक जातींत, प्रत्येक पेढीवर केव्हां ना केव्हां उभा राहतो. त्याचें म्हणणें चुकीचें असेल. तसें असल्यास तें वादानें खोडावें. पण ऐकून घेण्यापूर्वीं त्यास दाराबाहेर काढणें हा निवाडा नव्हे. तारण कोणाचें, हें देव ठरवील. कोणास बोलूं द्यावयाचें, हें मात्र आपल्या हातीं आहे, आणि त्याचा जाब आपणांसच द्यावा लागेल.