आमच्या जिल्ह्याचा कर्णधार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात म्हणूनच बसले होते. पण मौद्याची आपली शाळा म्हटली की मला वर्गाआधी मैदान आठवतं, आणि मैदान म्हटलं की पी.टी.चे सर आणि त्यांच्या तोंडी कायम असणारं एक नाव, सी. के. नायुडू. आम्ही मुली खो-खो खेळायचो. क्रिकेटशी आमचा संबंध मुलांचा चेंडू आमच्या पाटीत आला की भांडण्यापुरता. तरीही सर त्यांच्या गोष्टी आम्हालाच जास्त सांगायचे.

मी नववीत कर्णधार होते. तालुक्याच्या अंतिम सामन्यात सातवीतल्या एका लहानखुऱ्या मुलीला घ्यावं असं सरांना वाटत होतं, पण निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला. मी तिला पूर्ण सामना बाहेर बसवलं. एका गुणाने हरलो. परतताना एसटीत सर रागावले नाहीत, नायुडूंची गोष्ट सांगत बसले. ती गोष्ट मला का सांगितली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

कोट्टारी कनकय्या नायुडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरचा. घर तेलुगू, पण शाळा आणि मैदान नागपूरचंच. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून ते पहिल्यांदा मोठ्या सामन्यात उतरले. पुढे होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतलं, आपल्या फौजेत कर्नल केलं. म्हणून ते कर्नल नायुडू. डिसेंबर १९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार. त्या दिवसापासून देशाला त्यांचं नाव माहीत झालं.

मला मात्र जास्त महत्त्वाचा वाटतो तो जून १९३२. भारताचा पहिला कसोटी सामना, लॉर्ड्सवर. दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. त्या काळी संघाचा पुढारी संस्थानिकच असायचा. महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. त्यांनी बाजूला होण्याचा मोठेपणा दाखवला. लिंबडीकर जखमी झाले, आणि धुरा नायुडूंकडे आली. तेव्हा काही खेळाडूंनी त्यांच्या हाताखाली खेळायला नकार दिला. राजघराण्यातला नसलेला, शिवाय शिस्तीला कडक माणूस त्यांना कर्णधार म्हणून नको होता. अखेर वरून आदेश आला आणि सगळे मैदानात उतरले. क्षेत्ररक्षण करताना नायुडूंच्या हाताला जबर लागलं. तरी पहिल्या डावात भारताच्या सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. सामना १५८ धावांनी गेला, पण पहिल्याच सकाळी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती, हे कोणी विसरलं नाही.

मी पहिल्यांदा टीम लीड झाले तेव्हा माझ्याहून अनुभवी दोघांनी मीटिंगला येणंच बंद केलं होतं. त्या आठवड्यात मला लॉर्ड्स फार आठवायचं. वरून आदेशाचा ईमेल माझ्यासाठीही आलाच, पण त्याने माणसं खुर्चीत येऊन बसतात, एवढंच.

एसटीतली गोष्ट १९३४ ची. इंदूरचा मुश्ताक अली नावाचा पोरगा नायुडूंनी लहानपणीच हेरला होता, त्याला आपल्या नजरेखाली खेळवलं होतं. धाकटा भाऊ सी. एस. तर त्यांच्याहून १८ वर्षांनी लहान. ५ जानेवारी १९३४ रोजी कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध दोघेही पहिली कसोटी खेळले, दोघेही विशीच्या आतले, आणि कर्णधार नायुडू. त्यातला मुश्ताक दोन वर्षांनी मँचेस्टरला परदेशात शतक काढणारा पहिला भारतीय ठरला. धाकट्या भावाने १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात एवढे चेंडू कोणी टाकलेले नाहीत. (मोठ्या भावाच्या हाताखाली खेळण्याचे तोटेही असतात!)

स्वतः नायुडूंकडून कर्णधारपद गेलं. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात ते विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या हाताखाली खेळले. ओव्हलला, आपल्या शेवटच्या कसोटीत, अंगावर चेंडूचा मार खाऊन त्यांनी ८१ धावा काढल्या. वयाच्या ५६ व्या वर्षी रणजीच्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांच्या चेंडूने दात पडले, तेव्हाही ते खेळतच राहिले. आमचे गुडघे फुटले की सर हमखास हीच गोष्ट सांगायचे. ही मी माझ्या टीममधल्या मुलांना सांगत नाही. ताप आला तर घरी झोपा, असंच सांगते.

त्यांच्या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. साठी ओलांडल्यावरही ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचं निधन झालं. त्यांची मुलगी चंद्रा नायुडू पुढे क्रिकेटचं समालोचन करणाऱ्या देशातल्या पहिल्या महिलांपैकी एक झाली. हे सरांनी कधी सांगितलं नाही. आम्हा मुलींना ते फार आवडलं असतं.

सातवीतली ती मुलगी दोन वर्षांनी शाळेची कर्णधार झाली. तेव्हा मी अकरावीला नागपूरला होते, त्यामुळे तिचा खेळ पाहायचा राहून गेला. मेळाव्याच्या यादीत तिचं नाव दिसलं आहे. आधी तिच्याशीच बोलणार आहे.