उन्हावर बर्फ करणारा मास्तर

सप्टेंबर १८७८चे शेवटचे दिवस. पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलंय. ट्रोकाडेरोच्या बागेत एक अवाढव्य आरसा आकाशाकडे तोंड करून उभा आहे. उलट्या धरलेल्या लॅम्पशेडसारखा त्याचा आकार. मधोमध एक उभा काळा बॉयलर, त्याच्यावर काचेचं आवरण. आजूबाजूला शेगडी नाही, कोळसा नाही, धूर तर नाहीच. तरीही बॉयलरमध्ये पाणी उकळतंय, वाफ तयार होतेय आणि पंप चालतोय. मग ५३ वर्षांचा एक शाळामास्तर त्याच उन्हाच्या जोरावर चक्क बर्फ तयार करून दाखवतो.

ऑगस्टिन मुशो त्याचं नाव. तुमच्या अभ्यासक्रमात हे नाव नसेल, पण सौरऊर्जेच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच हा माणूस भेटतो. तो भेटलाच पाहिजे, कारण अक्षय ऊर्जेबद्दल आज आपण जे प्रश्न विचारतो, त्यातले जवळपास सगळे दीडशे वर्षांपूर्वी त्याच्यासमोर येऊन उभे होते. ऊन फुकट आहे, मग वीज फुकट का नाही? ढग आले तर काय? रात्री काय? आणि मुख्य म्हणजे, कोळसा स्वस्त मिळत असताना या भानगडीत पडायचंच कशाला?

मुशोचा जन्म १८२५चा, फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या सेम्यूर या छोट्या गावातला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताची. आधी खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांत शिकवायचं आणि शिकवता शिकवता स्वतः शिकायचं, असा त्याचा प्रवास. गणिताची आणि भौतिकशास्त्राची पदवी त्याने पंचविशी उलटल्यावर मिळवली. मग आलाँसाँ, रेन, तूर अशा गावांतल्या शाळांत गणित शिकवलं. म्हणजे ना मोठी प्रयोगशाळा, ना घरचा पैसा, ना पॅरिसच्या विद्वानांत ऊठबस.

१८६०च्या सुमारास या मास्तराच्या डोक्यात ऊन शिरलं. त्या काळी युरोप कोळशावर चालत होता. गिरण्या, रेल्वे, जहाजं, सगळं काही. फ्रान्समध्ये कोळसा बेताचाच, बराच बाहेरून आणावा लागायचा. मुशोचा हिशोब साधा होता. कोळसा जमिनीत जेवढा आहे तेवढाच आहे, तो नव्याने तयार होत नाही, तेव्हा कधी ना कधी तो संपणार. मग हे कारखाने कशावर चालवायचे?

इथे जरा थांबू या. अक्षय ऊर्जा म्हणजे काय, हे या एका प्रश्नात आलेलं आहे. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवून ठेवलेलं ऊन. बँकेतली जुनी ठेवच म्हणा ना. मुशोला ठेव मोडायची नव्हती, रोजच्या कमाईवर घर चालवायचं होतं. आज पडलेलं ऊन आज वापरायचं. वारा आणि नदीचं पाणी हीसुद्धा उन्हाचीच रूपं. हवा असमान तापते म्हणून वारा वाहतो, समुद्राच्या पाण्याची वाफ होऊन ती डोंगरावर बरसते म्हणून धरणं भरतात.

पण रोजच्या कमाईची एक अडचण असते. ती थोडी थोडी येते. तुमच्या कॉलेजच्या गच्चीवर भर दुपारी स्वच्छ ऊन असेल, तर एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट एवढी ऊर्जा पडते. दिवसभराचं धरलं तर पाच-सहा युनिट. चांगल्या प्रतीच्या एक किलो कोळशात याहून जास्त उष्णता असते, आणि तो किलो तुमच्या दोन मुठींत मावतो. ऊन भरपूर आहे, पण पातळ आहे. ते गोळा करावं लागतं.

मुशोने ते दोन युक्त्या एकत्र करून गोळा केलं. पहिली युक्ती काचेची. होरास द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७६७मध्येच काचेची तावदानं लावलेल्या पेटीत ऊन अडवून पाणी उकळण्याइतकं तापमान मिळवून दाखवलं होतं. उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीचं दार उघडल्यावर अंगावर येणारी झळ आठवा, तोच हा प्रकार. ऊन काचेतून आत जातं, तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता मात्र काचेतून सहज बाहेर पडत नाही. दुसरी युक्ती आरशाची. मोठ्या आरशावर पडलेलं ऊन छोट्या जागेवर एकवटायचं. या दोन्ही गोष्टी लोकांना वेगवेगळ्या माहीत होत्या. आरशाच्या मधोमध काचेखाली बॉयलर ठेवून त्या वाफेवर इंजिन चालवायचं, हा उद्योग मुशोचा.

१८६६मध्ये त्याचं यंत्र सम्राट तिसऱ्या नेपोलियनपुढे गेलं. सम्राट खूश झाला. १८६९मध्ये मुशोचं सौर उष्णता आणि तिचे औद्योगिक उपयोग या विषयावरचं पुस्तक आलं. सगळं जमून येतंय असं वाटत असतानाच १८७०मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं. सम्राटाची गादी गेली आणि पॅरिसच्या वेढ्यात मुशोचं यंत्रही गेलं.

मुशो परत तूरला आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १८७०च्या दशकाच्या मध्याला तूरच्या ग्रंथालयाच्या आवारात त्याचा नवा शंकूच्या आकाराचा आरसा उभा राहिला. तोंडाशी अडीच मीटरहून थोडा जास्त रुंद, तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा दिलेला. सरकारचं लक्ष पुन्हा त्याच्याकडे गेलं आणि १८७७मध्ये त्याला अल्जेरियाला पाठवण्यात आलं. यामागे विज्ञानप्रेम होतं तसा राजकीय हिशोबही होता. अल्जेरिया ही फ्रान्सची वसाहत. तिथे ऊन रग्गड, कोळसा मात्र जहाजाने न्यावा लागायचा.

नेमका हाच हिशोब त्याच वेळी आणखी एक माणूस मांडत होता, आणि तोही मुंबईत! विल्यम ॲडम्स हा इंग्रज गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होता. मुशोचं काम वाचून तो भारावला, पण आंधळेपणाने मागे गेला नाही. मुलामा दिलेला वक्र आरसा महाग पडतो, लवकर काळवंडतो आणि फार मोठा करता येत नाही, हे त्याने हेरलं. मग त्याने साधे सपाट आरसे घेतले, ते अर्धवर्तुळात मांडले आणि सगळ्यांचा झोत एका बॉयलरवर टाकला. कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन पंधरवडाभर उन्हावर चालवलं. त्याच्या सौरचुलीवर जानेवारी महिन्यात सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजायचं. १८७८मध्ये मुंबईतच त्याचं पुस्तक निघालं. म्हणजे तिकडे पॅरिसमध्ये बर्फ तयार होत होता त्याच वर्षी. कुलाब्याला फिरायला जाल तेव्हा हे जरूर आठवा, कारण अनेक सपाट आरसे आणि मधे एक बॉयलर ही त्याचीच कल्पना पुढे मोठ्या सौर मनोऱ्यांच्या रूपाने जगभर गेली.

आता त्या बर्फाकडे वळू. उष्णतेने थंडावा कसा मिळतो? माठातलं पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती जाताना माठाची उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार. पाण्याऐवजी अमोनिया घेतला तर हाच खेळ कितीतरी कमी तापमानाला होतो. पाण्यात विरघळलेला अमोनिया तापवून बाहेर काढायचा, दाबाखाली थंड करून त्याचा द्रव करायचा आणि मग त्या द्रवाची पुन्हा वाफ होऊ द्यायची. ती होताना आजूबाजूची उष्णता शोषली जाते आणि पाणी गोठतं. फर्डिनांड कारे या फ्रेंच अभियंत्याचं असं यंत्र तेव्हा बाजारात होतं. मुशोने फक्त त्याची शेगडी काढून तिथे सूर्य बसवला. फक्त म्हणायचं एवढंच. प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

आणि रात्रीचं काय? मुशोने त्याचाही विचार केला होता. उन्हाच्या उष्णतेपासून वीज, विजेने पाण्याचं विघटन, त्यातून मिळालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन साठवायचा आणि हवा तेव्हा जाळायचा. आज ज्याला आपण ग्रीन हायड्रोजन म्हणतो, त्याच्या अगदी जवळ जाणारी ही कल्पना एका शाळामास्तराच्या डोक्यात होती.

मग अडलं कुठे?

जरा आकडेमोड करू. पॅरिसच्या त्या आरशाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस मीटर. उत्तम ऊन धरलं तर त्यावर २० किलोवॅट उष्णता पडणार. त्या काळचं छोटं वाफेचं इंजिन शंभरातले फार तर चार-पाच भाग कामात उतरवायचं. म्हणजे हाती लागणार एक किलोवॅट, सव्वा अश्वशक्तीच्या आसपास. त्यासाठी एवढा मोठा आरसा, त्याची चांदी, त्याची पुसपास आणि तो दिवसभर सूर्याकडे वळवत राहण्याची यातायात. आजचं साधं सौरपॅनल पडलेल्या उन्हाच्या पाचव्या भागाची वीज करतं. तेवढ्याच जागेत चार किलोवॅट, आणि त्यात हलणारा एकही भाग नाही. गंमत म्हणजे उजेडापासून थेट वीज मिळते हे एडमंड बेकरेल या फ्रेंच मुलाने १८३९मध्येच दाखवलं होतं. तेव्हा बेकरेल १९ वर्षांचा होता, तुमच्याएवढा. आणि मुशो चौदाचा. पण कामाचं सिलिकॉन पॅनल यायला १९५४ उजाडावं लागलं.

तरी खरा घाव यंत्राच्या मर्यादेने घातला नाही, बाजाराने घातला. इंग्लंडशी झालेल्या व्यापार कराराने कोळशाची आयात सोपी केली होती, रेल्वेच्या जाळ्याने तो गावोगाव पोचवला. कोळसा संपायच्या ऐवजी स्वस्त होत गेला. सरकारने मुशोच्या पद्धतीच्या यंत्रांची तपासणी करायला समित्या नेमल्या, एक दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएला, एक अल्जेरियात काँस्टँटिनला. त्यांनी बारकाईने नोंदी घेतल्या आणि अहवाल दिला, यंत्र चालतं, पण परवडत नाही.

कोळसा एक दिवस संपेल म्हणून आजच महाग होईल, असं मुशो धरून चालला, आणि इथेच तो बाजाराला समजून घेण्यात कमी पडला, असं मला वाटतं. पण समित्यांचा हिशोबही अर्धाच होता. उन्हाच्या यंत्राचा सगळा खर्च पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर येतो, इंधनाचं बिल पुढे शून्य. कोळशाचं उलटं. इंजिन घ्यायचं आणि मग दररोज पैसे मोजत राहायचं. शिवाय कोळशाच्या बिलात धुराची रक्कम कुणी लिहिलीच नव्हती. खाणीत खोकणाऱ्या माणसाची नव्हती आणि तापत जाणाऱ्या हवेची तर नव्हतीच. आजही एखादं विजेचं साधन स्वस्त की महाग असा वाद निघाला, तर बिलात काय काय धरलंय हे आधी विचारून बघा.

१८८०मध्ये मुशोने सगळं आपला सहकारी आबेल पिफ्र याच्याकडे सोपवलं आणि तो गणिताकडे परतला. पिफ्र हुशार होता, त्याला जाहिरातही कळत होती. ऑगस्ट १८८२मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याने उन्हावर छापखाना चालवला आणि तासाला पाचशे प्रती काढल्या. छापलेल्या पत्राचं नावच 'सूर्य' होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोळशाच्या वखारीला काही फरक पडला नाही.

मुशोला पुढे गणितासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीची पारितोषिकं मिळाली, पण उतारवय हलाखीत गेलं. बायको मानसिक आजाराने त्रस्त, हातात पैसा नाही. ४ ऑक्टोबर १९१२ रोजी पॅरिसमध्ये तो गेला. त्यानंतर वर्षभरात कैरोजवळच्या मादी इथे फ्रँक शूमन या अमेरिकी माणसाने पन्हळीसारख्या लांबच लांब आरशांवर नाईलचं पाणी शेतांना उपसून दाखवलं. १९१४ला महायुद्ध सुरू झालं आणि तेही बंद पडलं.

आज मोरोक्कोत, म्हणजे मुशोच्या अल्जेरियाच्या शेजारीच, वारझाझात या शहराजवळ आरशांचं अख्खं रान पसरलंय. वितळलेल्या क्षारांत उष्णता साठवून तिथे सूर्य मावळल्यावरही वीज तयार होते. पण आरशांच्या विजेचा आता नवाच प्रतिस्पर्धी आहे. यावेळी कोळसा नाही, बेकरेलच्या घराण्यातलं स्वस्त पॅनल. नुसती वीजच हवी असेल तर आज बहुतेक ठिकाणी लोक पॅनल लावून मोकळे होतात.

आरसा टिकून आहे तो जिथे मुळात उष्णताच हवी असते तिथे. शिर्डीला गेलात तर साईप्रसादालयाच्या गच्चीकडे मान वर करून बघा. सत्तरहून अधिक गोल आरसे तिथे सूर्याबरोबर हळूहळू वळत असतात. त्यांच्यावर तयार झालेली वाफ नळातून खाली स्वयंपाकघरात उतरते आणि हजारो भाविकांचं वरण-भात त्यावर शिजतं.