लीळाचरित्र लिहिणारे म्हाइंभट आणि कॉम्प्युटरचा मालेगाव घोळ

वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीच्या स्टँडवर कुणी मालेगावची गाडी विचारली, तर नाशिककडचं मालेगाव कुणाच्या डोक्यातही येत नाही. मेडशीचा तालुकाच मालेगाव आहे ना! पण हाच प्रश्न कॉम्प्युटरला नुसता टाईप करून द्या. विचारणारा कुठं उभा आहे, हे त्याला कोण सांगणार?

बोललेलं वाक्य आणि ते बोलण्याचा प्रसंग एकत्र जपायचं काम विदर्भात साडेसातशे वर्षांपूर्वी झालंय. ते केलं म्हाइंभटांनी.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे, शास्त्र शिकलेले पंडित. चक्रधर स्वामींशी वाद घालायला गेले आणि त्यांचेच शिष्य झाले. स्वामी गेल्यावर ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तिथं नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी मनात घोळवत बसायचे. ते पाहून म्हाइंभटांना या आठवणी लिहून ठेवायचं सुचलं, असं परंपरा सांगते.

मग ज्यानं जे पाहिलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, त्यासाठी गावोगाव फिरायचं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं, असं सुरू झालं. 1278 च्या सुमारास लीळाचरित्र तयार झालं.

यात स्वामींची नुसती वचनं नाहीत. गाव कोणतं, समोर कोण होतं, आधी काय घडलं, हेही आहे. पुढं केसोबासांनी वचनं वेगळी काढून सूत्रपाठ केला. पाठांतराला सोपं झालं, पण प्रसंगाविना सूत्र कोड्यासारखं वाटायचं. शेवटी कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगातलं, हे सांगणारा 'प्रकरणवश' नावाचा वेगळा ग्रंथ रचावा लागला. तोडलेलं पुन्हा जोडलं!

शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधावा, हा विट्गेनश्टाइनचा विचार 1953 मध्ये पुस्तकातून जगापुढं आला. आजची एआय मॉडेल साधारण त्याच वाटेनं जातात. अफाट मजकूर वाचून कोणता शब्द कुणाच्या शेजारी येतो, हे ती शिकतात. शेजारी पातूर असेल तर मालेगाव वाशिमचं, मनमाड असेल तर नाशिकचं. शेजारी काहीच नसेल, तर बहुतेक वेळा जे जास्त वाचलंय तेच. मेडशीकर गेला नाशिकला!

लीळाचरित्राची मूळ प्रत पुढं परचक्राच्या धामधुमीत गहाळ झाली. अनुयायांनी आठवून आठवून ते पुन्हा लिहिलं. सगळ्यांच्या आठवणी काही जुळल्या नाहीत. तेव्हा एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसण्यापेक्षा त्यांनी वेगवेगळे पाठही नोंदवून ठेवले.